होम्सची ब्रँडी आणि चौपाटीवरचे लिंबू

विज्ञानाच्या तासाला गोष्टीचा आधार घ्यावा, असे आपण शिक्षक नेहमी म्हणतो आणि ते खरेही आहे. मात्र गोष्ट वर्गात नेण्यापूर्वी तिच्यातले विज्ञान तपासून घेण्याचे काम आपण तितक्या नेमाने करत नाही. या लेखात आम्ही अशी एक गोष्ट तपासणार आहोत. ती म्हणजे सर आर्थर कॉनन डॉईल यांची १९२६ साली प्रसिद्ध झालेली शेरलॉक होम्सकथा ‘द ॲडव्हेंचर ऑफ द लायन्स मेन’, अर्थात ‘सिंहाची आयाळ’.

ही कथा निवडण्याची कारणे दोन. पहिले असे, की तिच्यात बळी पडणारा माणूस एक विज्ञानशिक्षक आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. कथेतला ‘गुन्हेगार’ हा समुद्रातला एक जेलीफिश आहे आणि त्याचा दंश झालेल्या माणसावर केलेला प्रथमोपचारही कथेत दाखवला आहे. वाचक कालांतराने रहस्य विसरतो, पण असा उपचार त्याच्या डोक्यात घर करून राहतो. एखाद्या दिवशी तो उपचार खरोखरच करण्याची वेळ त्याच्यावर येऊ शकते.

आम्ही हे जानेफळहून लिहीत आहोत. मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. जेलीफिशशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे तो सहलीचा. दिवाळीनंतर आमच्या भागातल्या शाळांच्या सहली निघतात आणि अलिबाग, मुरूड, गणपतीपुळे ही नावे त्यांच्या यादीत असतात. ज्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, त्याला पाण्यावर तरंगणारा निळा फुगा उचलून पाहावासा वाटणारच. त्याच्यासोबत असलेल्या शिक्षकाला विंचवाचे सारे ठाऊक असते. या निळ्या फुग्याचे काहीच नसते.

कथा थोडक्यात

रहस्य फोडल्याशिवाय तपासणी होत नाही, तेव्हा ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांनी क्षमा करावी.

होम्स निवृत्त होऊन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्समध्ये मधमाश्या पाळून राहतो आहे. वॉटसन जवळ नाही, त्यामुळे ही हकिगत होम्स स्वतःच सांगतो. शेजारच्या खासगी विद्यालयातला विज्ञानशिक्षक फिट्झरॉय मॅकफर्सन सकाळी पोहायला म्हणून जातो आणि थोड्या वेळाने झोकांड्या खात वर येऊन होम्सच्या डोळ्यांदेखत कोसळतो. मरताना तो सिंहाच्या आयाळीचे काहीतरी पुटपुटतो. त्याच्या पाठीवर बारीक तारेच्या चाबकाने फोडून काढल्यासारखे लाल वळ असतात. गणितशिक्षक इयान मर्डॉक याच्यावर संशय जातो. पुढे मॅकफर्सनचा कुत्राही त्याच डोहाच्या काठी मरून पडलेला सापडतो. शेवटी मर्डॉकच तशाच वळांनी आणि वेदनांनी तळमळत होम्सच्या घरात येतो. तोपर्यंत होम्सला एका जुन्या पुस्तकाची आठवण झालेली असते. जे. जी. वुड या निसर्गलेखकाच्या ‘आउट ऑफ डोअर्स’ या पुस्तकात सायानिया कॅपिलाटा या जेलीफिशचे वर्णन आहे. पिवळसर तपकिरी तंतूंच्या झुपक्यामुळे त्याला ‘सिंहाची आयाळ’ म्हणतात. होम्स डोहात तो प्राणी शोधतो आणि सर्वजण मिळून मोठा दगड ढकलून त्याला चिरडतात.

काय साधले

ही कथा होम्सकथांतली उत्तम कथा मानली जात नाही. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र तिच्यात मोलाचे काही आहे, आणि ते आधी सांगितले पाहिजे.

सर्वांना जेथे माणूस गुन्हेगार दिसतो, तेथे होम्स पुराव्याकडे पाहतो. वळ सरळ नाहीत, काही ठिकाणी ते अधिक गडद आहेत, ही गोष्ट त्याच्या नजरेतून सुटत नाही. कोरडा, घडी घातलेला टॉवेल पाहून मॅकफर्सन पाण्यात उतरलाच नाही असे त्याने आधी ठरवलेले असते. हा तर्क त्याला चुकीच्या वाटेला नेतो, आणि ते तो नंतर मोकळेपणाने कबूल करतो. टॉवेल कोरडा आहे हे निरीक्षण झाले. माणूस पाण्यात गेला नाही हा अनुमानाचा भाग झाला. निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक आठवी-नववीच्या मुलांना समजावून देण्यासाठी इतके सुटसुटीत उदाहरण सहसा मिळत नाही.

मॅकफर्सनचे हृदय जुन्या संधिवाताच्या तापाने अधू झाले होते, हा तपशीलही लेखकाने विचारपूर्वक घातला आहे. सायानियाचा दंश अतिशय वेदना देतो, पण धडधाकट माणूस त्याने सहसा मरत नाही. म्हणून अधू हृदयाचा मॅकफर्सन मरतो आणि निरोगी मर्डॉक वाचतो. तोच प्राणी, तेच विष, माणसे मात्र वेगळी आणि परिणामही वेगळा. कुत्रा का मेला याचा खुलासा या हिशेबात बसत नाही, पण ते सोडून देऊ.

दगडाने काय होते

आता दोषांकडे वळू. पहिला दोष शेवटच्या प्रसंगात आहे. दगडाखाली जेलीफिश चिरडला म्हणजे धोका टळला, असे कथा सुचवते. हे समजण्यासाठी जेलीफिशचे शस्त्र कसे चालते ते पाहिले पाहिजे.

जेलीफिश, समुद्रफूल, प्रवाळ आणि गोड्या पाण्यातला जलव्याल हे सारे निडारिया संघातले प्राणी. त्यांच्या शुंडकांवर दंशपेशी असतात, एवढे आपण दहावीला शिकवतो. प्रत्येक दंशपेशीत एक सूक्ष्म कुपी असते आणि कुपीत पोकळ धागा गुंडाळून ठेवलेला असतो. जलव्यालाच्या कुपीतला दाब सुमारे १५० वातावरणांइतका मोजला गेला आहे. स्पर्श आणि भक्ष्याच्या अंगातली रसायने यांची सूचना मिळताच झाकण उघडते आणि धागा बाहेर फेकला जातो. २००६ साली जर्मन संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने जलव्यालाच्या दंशपेशीची ही क्रिया टिपली, तेव्हा ती ७०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात होते असे दिसले. प्राणिसृष्टीतील सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक.

येथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की दंशपेशीला गोळी झाडण्यासाठी प्राण्याच्या ‘हुकमाची’ गरज लागत नाही. त्यामुळे जेलीफिश मेला तरी त्याची शुंडके जिवंत शस्त्रासारखी राहतात. तुटलेला तुकडाही दंश करतो. जुलै २०१० मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात राय येथील किनाऱ्यावर मेलेल्या सायानियाचे तुकडे पाण्यात विखुरले आणि त्या एकाच प्राण्याने शंभराहून अधिक लोकांना दंश केला. होम्सच्या डोहात त्या दिवसानंतर पोहायला उतरलेल्यांचे काय झाले असते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. वाळूत वाळत पडलेल्या निळ्या फुग्याला पायाने डिवचणाऱ्या मुलाला जे सांगायचे, तेही यातच येते.

ब्रँडीने वाचवले?

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. मर्डॉक तळमळत येतो तेव्हा त्याला ब्रँडी पाजली जाते आणि जखमांवर सॅलडच्या तेलात भिजवलेला कापूस ठेवला जातो. त्याला आराम पडतो. वुडने स्वतःच्या दंशाच्या वेळी ब्रँडी प्यायल्याचा आणि तिनेच बहुधा त्याचा जीव वाचल्याचा दाखलाही होम्स देतो.

ज्या होम्सने टॉवेलवरून केलेला स्वतःचा तर्क पुन्हा तपासला, तो ब्रँडीच्या बाबतीत एकही प्रश्न विचारत नाही. वुडने ब्रँडी घेतली आणि वुड वाचला, हे दोन्ही खरे. परंतु सायानियाच्या दंशातून बहुतेक माणसे ब्रँडीविनाही वाचतात. वेदना काही तासांनी आपोआप उतरते. तेव्हा हा कावळा बसायला आणि फांदी तुटायला असा प्रकार झाला. दारूने विष उतरत नाही. उलट रोग्याची शुद्ध मंदावते आणि त्याला खरोखर काय होते आहे ते कळेनासे होते. तेलाच्या कापसाने दंशपेशी निकामी होतात असेही नाही.

आमचा आक्षेप कॉनन डॉईल यांनी १९२६ सालचे प्रचलित ज्ञान वापरले यावर नाही. ते स्वतः डॉक्टर होते आणि त्या काळी ब्रँडी हे सर्रास दिले जाणारे ‘उत्तेजक’ होते. आक्षेप असा की, कथेची सारी शिस्त गुन्हेगार ओळखण्यात खर्च होते आणि उपाय मात्र तपासणीवाचून सुटतो. हा दोष एका कथेपुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. लोकप्रिय लेखनात तो वारंवार दिसतो. १९९७ साली ‘फ्रेंड्स’ या गाजलेल्या अमेरिकन दूरदर्शन मालिकेत जेलीफिशच्या दंशावर मूत्राचा उपाय दाखवला गेला आणि जगभर लोकांनी तो विनोदासकट उचलला. त्या उपायाने दंशपेशी थांबतात असा पुरावा नाही. मूत्राचे घटक माणसागणिक, वेळेगणिक बदलतात आणि काही वेळा त्याने दंशपेशी अधिकच फुटतात.

उपायाचीही चौकशी

उपाय तपासायचा म्हणजे काय करायचे? यासाठी ऑस्ट्रेलियातला इतिहास पाहण्याजोगा आहे. जगातले सर्वांत घातक जेलीफिश तेथील उत्तर किनाऱ्यावर आढळतात.

२० जानेवारी १९५५ रोजी क्वीन्सलंडमधील कार्डवेल येथे पाच वर्षांचा एक मुलगा उथळ पाण्यात दंश होऊन मृत्यू पावला. केर्न्सचे डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक ह्यूगो फ्लेकर यांनी त्या ठिकाणी जाळे लावायला सांगितले. जाळ्यात पेटीच्या आकाराचा एक अनोळखी जेलीफिश सापडला. रोनाल्ड साउथकॉट यांनी त्याचे वर्णन करून त्याला कायरोनेक्स फ्लेकेरी असे नाव दिले. अशा जेलीफिशना पेटी-जेलीफिश म्हणतात. पुढे १९६१ साली डॉ. जॅक बार्न्स यांनी नखाएवढ्या एका पेटी-जेलीफिशचा दंश स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका तरुण जीवरक्षकाला करून घेतला. तिघांनाही रुग्णालयात न्यावे लागले. प्राणी ओळखला गेला, पण मुलावर असा प्रयोग करणे आज कोणीही योग्य मानणार नाही. ही गोष्ट वर्गात सांगायची झाल्यास त्या आक्षेपासह सांगावी.

येथपर्यंत होम्सचेच काम झाले, म्हणजे गुन्हेगार ओळखला गेला. खरा धडा पुढे आहे. त्या काळी तेथेही दंशाच्या जागी स्पिरिट ओतण्याचा सल्ला दिला जात असे. १९८० साली हार्टविक, कॅलनन आणि विल्यमसन यांनी कायरोनेक्सच्या शुंडकांवर निरनिराळे द्रव टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्पिरिटने न फुटलेल्या दंशपेशी भराभर फुटल्या. घरगुती व्हिनेगरने मात्र त्या कायमच्या बंद पडल्या. म्हणजे वर्षानुवर्षे दिला जाणारा सल्ला रोग्याच्या अंगात अधिक विष घालत होता. तो सल्ला बदलला गेला.

मग व्हिनेगर हा सर्व जेलीफिशवरचा उतारा झाला का? तसे नाही. सायानियावर, म्हणजे आपल्या कथेतल्याच प्राण्यावर, १९८६ साली केलेल्या प्रयोगात व्हिनेगरने दंशपेशी फुटताना दिसल्या. २०१७ साली आयर्लंड आणि हवाई येथील संशोधकांनी वेगळ्या पद्धतीने प्रयोग केला, तेव्हा व्हिनेगर आणि त्यानंतर उष्णता यांनी हानी कमी झाली, तर समुद्राच्या पाण्याने धुणे आणि बर्फ लावणे यांनी ती वाढली. २०१४ साली कायरोनेक्सबाबतही शंका निघाली. आधीच फुटलेल्या दंशपेशींत उरलेले विष व्हिनेगरमुळे बाहेर पडते, असे एका प्रयोगात दिसले. तरीही पेटी-जेलीफिशसाठी तेथील मार्गदर्शक सूचनांत व्हिनेगर कायम आहे. विज्ञान असेच पुढे सरकते. मतभेद राहतात, पण ते प्रयोगांच्या आधारावर असतात.

एका बाबतीत मात्र बरेच एकमत होत आले आहे, ते म्हणजे गरम पाणी. २००६ साली ऑस्ट्रेलियात निळ्या फुग्याच्या, म्हणजे ब्लूबॉटलच्या दंशाच्या ९६ रुग्णांवर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाचा दंश झालेला अवयव ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवला, दुसऱ्याला बर्फाच्या पिशव्या दिल्या. वीस मिनिटांनी गरम पाण्याच्या गटातील ८७ टक्के आणि बर्फाच्या गटातील ३३ टक्के रुग्णांना आराम पडलेला होता. या विषातली प्रथिने उष्णतेने निकामी होतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. वुडची ब्रँडी आणि ही चाचणी शेजारी-शेजारी ठेवल्या की दुसरा गट कशाला लागतो हे मुलांना लगेच कळते.

आपला किनारा

हा निळा फुगा आपल्या किनाऱ्यावरचाच आहे. पुस्तकात त्याला पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर किंवा फायसेलिया म्हणतात. काटेकोरपणे बोलायचे तर तो जेलीफिश नव्हे; अनेक लहान जीवांनी मिळून बनलेली ती एक वसाहत आहे. वर हवेने भरलेला फुगा आणि खाली लांबच लांब निळे तंतू. त्याला पोहता येत नाही, वारा नेईल तिकडे तो जातो. म्हणून पावसाळी वाऱ्यांबरोबर तो मुंबईच्या किनाऱ्याला लागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर सुमारे दीडशे लोकांना त्याचे दंश झाल्याच्या बातम्या आल्या. त्याच वेळी दंशावर लिंबू चोळल्याच्या हकिगतीही छापून आल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यात दोन दिवसांत नव्वदहून अधिक लोकांना जेलीफिशच्या दंशासाठी जीवरक्षकांनी प्रथमोपचार दिले.

लिंबू चोळण्यामागचा हेतू चांगलाच असतो. व्हिनेगर आम्ल, लिंबूही आम्ल, तेव्हा चालेल, असा तर्क त्यामागे असावा. पण ब्लूबॉटलसाठी खुद्द व्हिनेगरवरच एकमत नाही. ऑस्ट्रेलियातील मार्गदर्शक सूचना ब्लूबॉटलला व्हिनेगर लावू नका म्हणतात, तर २०१७ सालच्या एका अभ्यासाने लावा असे म्हटले. मग लिंबाची गोष्ट तर दूरच. त्याहून वाईट आहे ती ‘चोळण्याची’ क्रिया. त्वचेला चिकटलेल्या तंतूवर हजारो न फुटलेल्या कुप्या असतात. लिंबाने, वाळूने किंवा टॉवेलने चोळले की दाबाने त्या फुटतात.

याच किनाऱ्यावर दुसराही एक दंश होतो, तो पाकट माशाचा. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेकांना दंश झाले, तेव्हा पाकटाचे नाव पुढे आले. पाकटाच्या शेपटीवर काटा असतो, त्याने खरी जखम होते, रक्त येते, काट्याचा तुकडा आत राहू शकतो. जेलीफिशच्या दंशात दोरीसारखे वळ उठतात, भोक पडत नाही. गरम पाणी दोन्हींत वेदना कमी करते, पण पाकटाच्या जखमेला डॉक्टरांनी स्वच्छ करणे आणि धनुर्वाताची लस आवश्यक असते. म्हणजे पुन्हा पहिला प्रश्न तोच, दंश कोणाचा?

विंचवाची ओळख आणि जलव्यालाची साक्ष

हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही. बुलढाण्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील देहेड येथे जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील आरोग्य केंद्रात गेले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले दगावत होती. मंत्र, चटके, झाडपाला असे उपाय गावोगाव चालत आणि डॉक्टरांकडेही नेमके औषध नव्हते. बावस्करांनी रोग्याच्या उशाशी बसून घाम, उलट्या, थंड पडणारे हातपाय, रक्तदाब यांच्या नोंदी ठेवल्या. १९८६ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग मांडला. हे औषध विंचवाच्या विषाने उसळलेल्या संप्रेरकांचा हृदयावरचा ताण कमी करते. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना विंचू ‘उतरवला’ जात असे, त्यांतले बरेचसे आपोआपच बरे होणारे असत. वुडच्या ब्रँडीचेही तसेच होते. बावस्करांनी बरे होणारे आणि दगावणारे यांतला फरक शोधला आणि उपाय दगावणाऱ्यांवर पारखून घेतला.

पण विंचवाचे औषध जेलीफिशला चालत नाही आणि जेलीफिशचे गरम पाणी लाल विंचवाच्या दंशात जीव वाचवत नाही. तेथे वेळेत रुग्णालय गाठणे हेच महत्त्वाचे. ‘विषारी दंशावर उपाय’ असा एकच मथळा देऊन सारे एकत्र छापणारी पुस्तके आणि तक्ते म्हणूनच धोक्याचे आहेत.

हे वर्गात दाखवता येते आणि त्यासाठी समुद्र लागत नाही. निडारिया संघ आपल्या नद्यांत-तळ्यांतही आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी गेल्या शतकाच्या आरंभी सह्याद्रीतल्या नद्यांत गोड्या पाण्यातला चिमुकला जेलीफिश शोधून काढला होता. तो आपल्याला सहजी मिळणार नाही, पण जलव्याल मिळतो. तळ्यातल्या पाणवनस्पती काचेच्या बरणीत, त्याच पाण्यात, उजेडाच्या बाजूला ठेवा. काही दिवसांत काचेला चिकटलेले, काही मिलिमीटर लांबीचे धाग्यासारखे जीव दिसू लागतील. त्यांची शुंडके माणसाच्या त्वचेला अपाय करत नाहीत. एक जलव्याल काचपट्टीवर घेऊन, आच्छादन-काच ठेवून, सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली शुंडक पाहा. मग कडेने पातळ केलेल्या व्हिनेगरचा एक थेंब सोडा. दंशपेशींतून धागे बाहेर पडलेले दिसतील. जे व्हिनेगर कायरोनेक्सच्या दंशपेशींना कुलूप लावते, तेच जलव्यालाच्या दंशपेशी फोडते. ‘कोणाचा दंश?’ हा प्रश्न का विचारायचा, याचे उत्तर मुलांना डोळ्यांनी दिसते.

सहलीला जाताना

कथेत जे नाही ते येथे दिले पाहिजे. किनाऱ्यावर पोचल्यावर आधी जीवरक्षकांना आणि कोळी बांधवांना विचारावे. निळे फुगे लागले असतील तर मुलांना पाण्यात उतरवू नये आणि वाळूवरच्या फुग्यांनाही हात लावू देऊ नये. दंश झालाच तर :

१) मुलाला शांतपणे पाण्याबाहेर आणावे, धावू देऊ नये.

२) दंशाची जागा चोळू नये. वाळू, लिंबू, स्पिरिट, मूत्र काहीही लावू नये. आवळपट्टी बांधू नये.

३) चिकटलेले तंतू चिमट्याने किंवा हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून अलगद उचलावेत. निळा फुगा असल्याची खात्री असेल तर वरून समुद्राचे पाणी ओतावे. थंड गोडे पाणी ओतू नये.

४) तंतू निघाल्यावर, सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग वीस मिनिटे ठेवावा. पाणी आधी शिक्षकाने स्वतःच्या हातावर पाहावे. भाजता कामा नये. उष्णतेचा फायदा मिळावा म्हणून येथे गोडे पाणीही चालते, मात्र तंतू आधी काढलेले हवेत.

५) श्वास घ्यायला त्रास, छातीत दुखणे, चेहऱ्यावर सूज, सतत उलट्या किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, किंवा दंश डोळ्याला अथवा अंगाच्या मोठ्या भागावर झाला असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबल्यास छातीदाब आणि कृत्रिम श्वास सुरू करावा.

ज्या मुलाला पूर्वी असा दंश झालेला आहे, त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे. १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी फायसेलियाच्याच विषापासून अभ्यासाला सुरुवात केली. पुढे समुद्रफुलाच्या विषावर काम करताना त्यांना आढळले, की पहिल्या मात्रेतून वाचलेला कुत्रा दुसऱ्या, अगदी लहान मात्रेने मरतो. तीव्र ॲलर्जीची ही प्रतिक्रिया, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस. या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘मागच्या वेळी काही झाले नव्हते’ हा म्हणूनच धीर देणारा पुरावा नव्हे.

तर ही कथा वर्गात वाचावी का? आमचे मत, अवश्य वाचावी. कॉनन डॉईल १९३० साली वारले, त्यामुळे शिक्षकांनी तिचा मराठी अनुवाद स्वतः करून वापरण्यासही अडचण नाही. मात्र मर्डॉकला ब्रँडी पाजली जाते त्या पानावर थांबावे आणि मुलांना विचारावे : होम्स येथे कोणता प्रश्न विचारायला विसरला? त्याचे उत्तर मुलांनी स्वतः शोधले, तर सहलीत लिंबू घेऊन धावणाऱ्या एखाद्या भल्या माणसाचा हात त्यांच्यापैकीच कोणीतरी धरील.